समासातली लाल पेन्सिल

६ जानेवारी

मायना काय लिहावा यातच दोन कागद वाया गेले. ‘आई’ म्हणायचा हक्क घटस्फोटात जातो की राहतो, हे निकालपत्रात कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं. ‘मॅडम’ लिहिलं असतं तर तुम्ही पत्र तिथेच खाली ठेवलं असतंत. तेव्हा मायना राहू दे, थेट कामाचंच बोलते.

मी पुन्हा कॉलेजात जाते. हसू नका. दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या आणि संध्याकाळी वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसायचं. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात. आमचे सरही माझ्यापेक्षा लहान आहेत. ते मला काहीच म्हणत नाहीत, नुसतं ‘तुम्ही, तुम्ही’ करतात. हे शेवटचं वर्ष. यात एक शोधनिबंध लिहायचा आहे, साहित्यकृतीवर समीक्षात्मक, संदर्भांसकट. मार्चअखेर द्यायचा. तो नापास झाला तर पदवी गेली, कारण पुढच्या वर्षीपासून हा संध्याकाळचा वर्गच बंद होणार आहे. माझ्या वयात तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करायची हिंमत माझ्यात नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

विषय सरांनी चिठ्ठ्या टाकून वाटले. मला एक जुनी कादंबरी आली. सासरचं घर सोडून सूतगिरणीत कामाला जाणाऱ्या बाईची. चिठ्ठी उघडली आणि माझं मलाच हसू आलं. तुम्ही म्हणाल, मुद्दाम निवडलीस. शप्पथ नाही.

शेवटच्या प्रकरणात नायिका पहाटे घर सोडते तेव्हा घरातली म्हातारी, म्हणजे तिची सासू, दाराकडे पाठ करून चुलीपुढे बसलेली असते. वळून बघतसुद्धा नाही. नायिकेला त्या घराने कसं झिडकारलं, यावर मी लिहिणार आहे. सरांनी विचारलं, “याच्या विरुद्ध मत कोणी मांडलंय का? त्याचा परामर्श घ्यावा लागेल.” शोधायला लायब्ररीत गेले. ग्रंथपाल बाईंनी एका बंद पडलेल्या त्रैमासिकाचा बांधीव खंड काढून दिला. त्यात या कादंबरीवर एकच लेख आहे, ‘पाठमोरी बाई’. खाली लेखिकेचं नाव वाचलं आणि मी खुर्चीवर बसले.

मी त्या घरात यायच्या कितीतरी आधीचा लेख आहे तुमचा. उत्तम लिहिलाय, हेही सांगून टाकते. पण त्याचं शेवटचं पान फाटलंय. लेख असा तुटतो: ‘आपण सगळे वाचक नायिकेबरोबर दाराबाहेर पडतो. पण ही पाठमोरी बाई…’ आणि पुढे एकदम कोणाच्या तरी प्रवासवर्णनाचं पान.

पण ही पाठमोरी बाई काय? तेवढं कळवा. अंक असेल तर त्या पानाची प्रत पाठवा. तुम्ही मला त्या घरात कधी आपलं मानलं नाही, मी निघाले तेव्हा खोलीचं दार लावून घेतलंत, त्याबद्दल माझं आता काही म्हणणं नाही. पण हा अभ्यासाचा प्रश्न आहे, आणि अभ्यासाला तुम्ही नाही म्हणणार नाही असं वाटतं.

सोबत निबंधाचा आराखडा जोडला आहे.

आपली
(नातं तुम्हीच कळवा)


२३ जानेवारी

पाकीट जाड होतं म्हणून हरखून उघडलं. आत काय, तर माझंच पत्र! वर लाल पेन्सिल.

लोक पत्राला उत्तर देतात. तुम्ही पत्र तपासून परत पाठवता. दुकानात काउंटरवर उभी राहून वाचत होते. मालक म्हणाले, “काय झालं, बिल आलं का?” म्हटलं, पेपर तपासून आलाय. रागाने कान गरम झाले होते आणि तरी हसू दाबत होते. इतक्या वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं आणि पहिलं सुचलं ते हे, की पेन्सिलीला टोक काढायची सवय गेलेली दिसते. किती जाड, किती मोठं!

आराखड्यातल्या ‘म्हातारीने नायिकेला झिडकारलं’ या वाक्यापुढे समासात: पुरावा?

पत्रातल्या ‘तुम्ही मला कधी आपलं मानलं नाही’ या वाक्यापुढे समासात: पुरावा?

दोन्हीकडे सारखाच शेरा. कादंबरीतली बाई आणि मी, दोघींना एकच माप. खाली तळाला एक ओळ: ‘अंक नाही. शेवट सांगणार नाही. आधी स्वतःचं म्हणणं सिद्ध कर, मग माझं माग.’

बरं. घ्या पुरावा. कादंबरीचा आधी. शेवटच्या प्रकरणात ‘म्हातारीने मान वळवली नाही’ असं स्पष्ट वाक्य आहे. पान क्रमांक आराखड्यात घातलाय.

आता दुसरा. एकदा तुमच्या कॉलेजातले सहकारी घरी आले होते, मी चहा घेऊन बाहेर आले. कोणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, सूनबाई काय वाचतात हल्ली? तुम्ही म्हणालात, “ही वाचत नाही.” मी कप ठेवून आत वळले. त्या खोलीत भिंतभर पुस्तकं, आणि त्यांच्यादेखत मला अडाणी ठरवलंत. हा झाला एक.

दुसरा, मी निघाले ती दुपार. मी बॅग घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होते. आत चिरंजीव ओरडत होते, तुमच्या चिरंजीवांचा आवाज कसा चढतो ते तुम्ही जाणताच. एक शब्द बोलाल, निदान बघाल, म्हणून मी थांबले. तुमच्या खोलीचं दार बंद. आतून कडी. मी किती वेळ थांबले ते सांगत नाही, कारण त्यालाही तुम्ही पुरावा मागाल.

आणि समासात एवढी जागा खायची असेल तर पुढच्या खेपेला मी रुंद समास सोडून लिहीन. सोडलाच आहे, बघा.

तुमची
आज्ञाधारक विद्यार्थिनी


१४ फेब्रुवारी

तुमचे शेरे मिळाले. आठवडाभर लिहायला बसवेना. रागाने नाही. आधी रागाने, मग दुसऱ्याच कशाने तरी.

‘ही वाचत नाही’पुढे तुम्ही लिहिलंत: ‘अवतरण अपुरं. पूर्ण वाक्य दे.’

गंमत अशी की त्याच आठवड्यात सरांनी माझा पहिला खर्डा परत दिला आणि त्यावरही तेच. मी तुमच्या लेखातून एक वाक्य उचललं होतं, ‘म्हातारी निर्दय वाटते.’ सर म्हणाले, “अहो, मूळ वाक्य पुढे आहे ना! ‘म्हातारी निर्दय वाटते, ते आपण तिला नायिकेच्या डोळ्यांनी पाहतो म्हणून.’ तुम्ही अर्ध्यावर कात्री लावून त्या बाईंना त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभं केलंत.” वर्गातली पोरं ख्या ख्या करून हसली. एकजण म्हणाला, “काकू, हे तर बातमीवाले करतात.”

घरी जाताना चालत गेले. म्हटलं, एकदा अर्धं वाक्य कापणारी बाई दुसऱ्यांदाही कापू शकते. त्या चहाच्या दिवशी तुम्ही पुढे काय म्हणाला होतात? मी कप ठेवून वळले होते, स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचले होते, तोंड पेटलं होतं. पण कान काही बंद नव्हते. पुढचं मी ऐकलं होतं. ऐकलं आणि ठेवून घेतलं नाही.

तुम्ही म्हणालात, “ही वाचत नाही. वाचायला बसली की माझा मुलगा दिवा मालवतो. का मालवतो ते त्यालाच विचारा, तो काय समोर बसलाय.”

आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, चिरंजीव उठून बाहेर गेल्याचा. मग कोणीतरी हवापाण्याचं बोलायला लागलं.

आई, सगळ्या सहकाऱ्यांदेखत तुम्ही स्वतःच्या पोटच्या मुलाला उघडं पाडलंत. तुमच्यासारख्या जपून बोलणाऱ्या बाईने. माझ्यासाठी. आणि मी त्यातले पहिले तीन शब्द घेऊन इतकी वर्षं फिरले.

(वर ‘आई’ लिहून गेले. खोडत नाही.)

कादंबरीच्या पुराव्यापुढचा तुमचा शेरा मात्र जिव्हारी लागला: ‘फक्त शेवटचं प्रकरण वाचलंस का?’ आधी म्हटलं, काय समजतात ही बाई मला! मग लक्षात आलं की आधीची प्रकरणं मी वाचली होती ती नायिका कधी एकदा सुटते, या घाईने. म्हातारी आली की पान उलटत होते. आता पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे, या वेळी फक्त म्हातारीसाठी. मालकांनी दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मागच्या खोलीत बसायची मुभा दिली आहे. काच घासायच्या यंत्राशेजारी एक स्टूल आहे, त्यावर. यंत्र सुरू असलं की पुस्तकही थरथरतं, पण वाचता येतं.

तिसरा शेरा, दुपारच्या प्रसंगापुढचा: ‘हे कुठून पाहिलंस?’ त्याचं उत्तर अजून नाही माझ्याकडे. जिन्यातून, असं लिहिणार होते. पण एवढं सोपं उत्तर तुम्ही विचारलं नसतंत.

तुमची


७ मार्च

सापडलं!

नीट सांगते, नाहीतर तुम्ही ‘मुद्देसूद लिही’ असं लिहाल. कादंबरीत चौथ्या प्रकरणात, नवव्यात आणि पुन्हा बाराव्यात एक गोष्ट येते. संध्याकाळ झाली की म्हातारी मागच्या दाराची कडी लावते. ती कडी गंजलेली, जड, तिला लावायला दोन्ही हात लागतात, लावताना कुरकुरते. कादंबरीत तीनदा सांगितलंय. आणि शेवटच्या प्रकरणात, पहाटे, अंधारात, नायिका काय करते? ‘तिने मागचं दार ढकललं आणि ती बाहेर पडली.’ ढकललं! कडी काढल्याचा उल्लेखच नाही. कुरकुर नाही. घरातले पुरुष झोपलेले. जागी एकटी म्हातारी, चुलीपुढे पाठ करून बसलेली.

कडी कोणी काढून ठेवली होती?

मी त्या स्टुलावरून उठून मालकांना ओरडून सांगितलं. त्यांना वाटलं काच फुटली. म्हातारीने नायिकेला झिडकारलं नव्हतं, आई. तिने वाट मोकळी केली होती, आणि वळून बघितलं नाही ते अशासाठी की कोणी उठून विचारलंच, तर ‘मला काय माहीत, माझी पाठ होती’ असं म्हणता यावं. माझा सगळा निबंध उलटा झाला. मुदतीला थोडेच दिवस उरलेत आणि मी पहिल्या पानापासून नव्याने लिहिते आहे. पण आता विरुद्ध मत माझंच जुनं मत आहे, त्यामुळे ते मांडायला सोपं जातंय.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मी जिन्यातून पाहिलं. जिन्यातून तुमच्या खोलीचं दार दिसतं, दाराच्या आतली बाजू दिसत नाही. सकाळपासून चिरंजीव माझी बॅग हिसकून पुन्हा पुन्हा कपाटावर टाकत होते. मग दुपारी मला ती सरळ उचलता कशी आली? मला कोणी अडवलं कसं नाही? त्यांचा आवाज तर येत होता. तो आवाज कुठून येत होता, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारलंच नाही. तो तुमच्या खोलीतून येत होता. त्याच बंद दारामागून.

तुमच्या दाराची कडी बुटकी होती, एका झटक्यात निघाली असती. एवढा दांडगा माणूस बाहेर येऊ शकला नाही, याचा अर्थ कोणीतरी दाराला पाठ लावून उभं होतं. मला बंद दार दिसलं. दाराला लागलेली पाठ दिसली नाही.

हा माझा निष्कर्ष आहे. प्रत्यक्ष पुरावा नाही, सगळा परिस्थितीजन्य आहे. चूक असेल तर समासात फुली मारा, मी वाईट वाटून घेणार नाही. पण बरोबर असेल तर मला तुम्हाला काहीतरी म्हणायचंय, आणि ते इतक्या वर्षांचं साठलेलं आहे, तेव्हा आत्ताच म्हणून टाकते. मी त्या दिवशी जिना उतरले म्हणून आज माझी स्वतःची खोली आहे, तिच्यात मला हवा तितका वेळ दिवा जळतो, आणि मार्चमध्ये मला निबंध द्यायचा आहे. हे सगळं तुमचं आहे. तुमचे उपकार मानायचे तर पत्र पुरायचं नाही.

जाता जाता. तुमची लाल अक्षरं दर पत्रात मोठी होत चालली आहेत, आणि मागच्या खेपेला समास सोडून ओळींवर चढली होती. पेन्सिलीला टोक नाही म्हणून मी हसले होते, ते मागे घेते. दुकानात मी रोज हेच बघते. वाचताना कागद खिडकीशी नेता का? दिव्याभोवती धुरकट कडं दिसतं का? खरं सांगा.

तुमची


४ एप्रिल

आई,

मायना हाच राहील. तुम्ही मागच्या पत्रातल्या तेवढ्या एका शब्दावर शेरा मारला नाहीत, तेव्हा तो मान्य आहे असं मी धरते.

माझ्या लांबलचक निष्कर्षापुढे तुम्ही दोनच शब्द लिहिलेत: ‘निष्कर्ष ग्राह्य.’ मी ते दुकानातल्या मोठ्या भिंगाखाली ठेवून पाहिले. मालकांनाही दाखवले. ते म्हणाले, “यात रडण्यासारखं काय आहे?” त्यांना काय सांगणार? त्यांच्या सासूबाई त्यांना दर आठवड्याला फोन करून जावई कसा नालायक आहे ते सांगतात.

निबंध पास झाला. वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, ‘बातमीवाले’ म्हणणाऱ्याने सगळ्यात जास्त. सरांनी कडीच्या मुद्द्याखाली रेघ ओढून लिहिलंय, ‘हे याआधी कोणी नोंदवलेलं माझ्या वाचनात नाही.’ मी अर्थातच हवेत. पण ते टिकलं दुपारपर्यंतच, कारण दुपारी ग्रंथपाल बाईंचा निरोप आला. त्यांनी मला न सांगता तीन गावच्या वाचनालयांना लिहिलं होतं, आणि एका ठिकाणाहून तुमच्या लेखाचं शेवटचं पान आलं. त्यांचे आभार कसे मानावेत कळेना. शेवटी त्यांच्या चष्म्याची सैल झालेली दांडी घट्ट करून दिली.

पानावर तुमच्या चारच ओळी आहेत, खाली सगळी केसांच्या तेलाची जाहिरात. ‘पण ही पाठमोरी बाई रागावलेली आहे असं कोणी सांगितलं? पाठ करून बसणाऱ्या माणसाने कधी कधी आधीच कडी काढून ठेवलेली असते. वाचकाने दार तपासावं.’

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! माझा शोध तुमच्या चार ओळींत आधीच बसलेला होता आणि तुम्ही मला तीन आठवडे स्टुलावर थरथरत वाचायला लावलंत. ‘शेवट सांगणार नाही’ म्हणालात, त्या वेळी मी तुमच्या नावाने बोटं मोडली होती. सांगितला असतात तर मी तो तळटीपेत टाकून मोकळी झाले असते, आणि माझं दार मी कधीच तपासलं नसतं. ही तुमची शिकवण्याची रीत. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं भाग्यवान, असं मला नेहमी वाटायचं. आता त्यांचा हेवा वाटत नाही.

मी सरांना ते पान नेऊन दाखवलं. म्हटलं, शोध माझा नाही, यांचा आहे, तसं लिहून द्यायला हवं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “श्रेय द्या, पण शोध तुमचाही आहे. तुम्ही स्वतः पोचलात तिथे.” मग पुरवणी टीप लिहायला सांगितली, आणि एक नियम दाखवला. निबंधात ज्या व्यक्तीचा लेख किंवा पत्रव्यवहार संदर्भ म्हणून वापरला, तिच्याशी आपलं नातं काय, हे टिपेत स्पष्ट करावं लागतं. पहिल्या पत्रात मी तुम्हाला ते कळवायला सांगितलं होतं. तुम्ही कळवलं नाहीत. मग माझं मीच लिहिलं: ‘लेखिका माझ्या सासूबाई आहेत.’

आता डोळ्यांचं. मी तीन प्रश्न विचारले, तुम्ही पुढे लिहिलंत: ‘विषयांतर.’ तो शब्दही माझ्या दोन ओळी ओलांडून खाली घसरलाय. चालायचं नाही. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत असावा असा माझा अंदाज आहे; डॉक्टर बघतील आणि ठरवतील, मी चष्मेवाली आहे, डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडे न्यायचं काम माझं. रविवारी सकाळी येते. काचांची पेटी घेऊन येते, आणि निबंधही. तुम्ही डोळे मिटून बसा, मी मोठ्याने वाचते. लाल पेन्सिल हातात असली तरी चालेल, मी सांगाल तिथे खूण करीन.

बेल वाजवणार नाही. कडी तेवढी काढून ठेवा.

तुमची
सून

ता. क. सही करताना आधी ‘माजी सून’ असं लिहिलं होतं. मग समासात तुमचा प्रश्न दिसला. पुरावा नव्हता. खोडलं.